इत्तोचा पाहुणा

इज्जाने दगडावर थुंकून बोटाने पुसलं, डोळा अगदी जवळ नेला आणि अशी काही किंचाळली की खाली बसपाशी उभ्या असलेल्या मीमून मास्तरांचा चहा त्यांच्याच बुटावर सांडला.

"बाई! ह्याला डोळे आहेत! दोन्ही!"

आपला चौकोन सोडून कुणी हलायचं नाही, हे सकाळपासून दहा वेळा सांगून झालं होतं. उतारावर दोरीने आखलेले पोरांचे तेवीस चौकोन, प्रत्येकात एक पोर, एक ब्रश, एक भिंग आणि एक वही. पण डोळेवाला दगड निघाल्यावर नियम कोण पाळतो? सगळी पोरं इज्जाभोवती गोळा झाली. दोऱ्या पायात अडकल्या, कुणाची तरी वही उतारावरून घसरत पार बसपर्यंत गेली. जागेवरून हलली नाही ती एकटी हेन्नू. सगळ्यात वरच्या, शेवटच्या चौकोनात ती पालथी पडून तशीच उकरत होती. तिला सकाळपासून शिंपल्याचा तुकडासुद्धा मिळाला नव्हता.

"मागे सरका रे! जरा वारा लागू द्या तिला," इत्तो ओरडली आणि स्वतःच अर्धी बसत, अर्धी घसरत तिथवर आली. कार्यक्रम तिचा होता. गेली नऊ वर्षं दर मार्चमध्ये एका शाळेची पोरं ती ह्या तावरीर्तच्या टेकडीवर आणायची आणि दगड वाचायला शिकवायची.

ती वाकली आणि बघतच राहिली.

पापुद्र्यापापुद्र्याच्या हिरवट दगडात एक ट्रायलोबाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दगड झालेला समुद्री किडा, अर्धा वर आला होता. दोन पेरांएवढा असेल. पाठीवर काट्यांची रांग, आणि डोक्यावर दोन उभे, टपोरे डोळे.

आता आमच्या मोरोक्कोतल्या अल्निफकडच्या पोरांना ट्रायलोबाइटचं काय कौतुक? अर्ध्या गावाची चूल त्यावर पेटते. बाप खाणीतून काढतो, काका सुईने साफ करतो, दुकानदार पाहुण्यांच्या गळ्यात मारतो. पण ह्या उतारावर मिळतात ते साधे, चपटे, बिनकाट्यांचे. काटेवाले सगळे पलीकडच्या काळ्या डोंगरात, आणि तो डोंगर ह्या उतारापेक्षा कोट्यवधी वर्षांनी धाकटा. हे इत्तोने सकाळीच पोरांकडून घोकून घेतलं होतं. म्हणजे काटेवाला इथे असायलाच नको.

आणि ह्याच गोष्टीवरून इत्तो इतकी वर्षं भांडत आली होती.

बावीस वर्षांपूर्वी, अकरा वर्षांची असताना, शाळेच्या सहलीत, ह्याच उतारावर तिला एक काटेवाला मिळाला होता. सुटा, मोकळा, तळहातावर मावणारा. त्याच्यासाठी ती शिकली, घरदार सोडून राजधानीत, राबातला गेली, दगडांची बाई झाली. तिथल्या सरांनी तो पाहिला आणि हसले. म्हणाले, कुठून तरी आला असेल, एक तुकडा म्हणजे पुरावा नव्हे, दुसरा दाखव. तपासायला ठेवून जा म्हणाले, तर हिने ठेवला नाही. मी माझ्या हाताने उचललाय, म्हणाली, आणि डबा छातीशी धरून निघून आली. तेव्हापासून तिकडची मंडळी त्याला 'इत्तोचा पाहुणा' म्हणायची. कुठल्याही सभेत गेली की कुणी ना कुणी विचारायचंच, काय इत्तो, पाहुणा बरा आहे ना?

ती हसण्यावारी न्यायची, पण लागायचं तिला. जवळच्या, सोप्या टेकड्या सोडून पोरांना दरवर्षी इथेच का आणते, हे मीमून मास्तर विचारून थकले होते. शेवटी शिक्षण खात्यानेच सांगितलं, बस फार लांब जाते, पुढच्या वर्षीपासून दुसरी टेकडी बघा. आजचा हा तावरीर्तवरचा शेवटचा दिवस होता.

"बाई, रडताय का?" इज्जाने विचारलं.

"धूळ गेली," इत्तो म्हणाली आणि मग खोटं बोलण्यात काही अर्थ नाही असं वाटून म्हणाली, "हो गं बाई, रडतेय. तुला माहीत आहे का तू काय काढलंयस ते?"

ती उठली आणि तीन दगडांच्या चुलीकडे धावत सुटली. तिथे गावातला म्हातारा बा सक्कू चहाची किटली उंच धरून ओतत होता. चाळीस वर्षं खाणीत आणि कारखान्यात ट्रायलोबाइट साफ करण्यात गेलेली. आता फुफ्फुसं धुळीने भरलेली, डोळे अधू. कार्यक्रमाच्या दिवशी चहा करायचा, पोरांचं सामान राखायचं, एवढं काम इत्तोने त्याला दिलं होतं. त्या एका दिवसासाठी तो वर्षभर पांढरा झब्बा जपून ठेवायचा.

इत्तोने त्याला किटलीसकट मिठी मारली.

"बा, दुसरा मिळाला! काटेवाला! दगडात बसलेला, बा, दगडात!"

"अगं, भाजशील! सोड," बा सक्कू म्हणाला. "मिळाला ना? झालं तर मग. अल्लाची कृपा. आता कागदात गुंडाळ आणि ठेव डब्यात. ऊन वाईट असतं."

"गुंडाळ काय? आधी चित्र काढायचं, मग चार प्रश्न. नियम म्हणजे नियम."

"आज राहू दे की नियम," म्हातारा पुटपुटला, पण ती परत धावलीही होती. त्याने पेला भरला, स्वतःच प्यायला आणि तोंड वाकडं केलं. साखर घालायचीच विसरला होता.

चार प्रश्न इत्तोनेच बसवलेले. काय आहे? कुठे मिळालं? कुठल्या थरात? आणि चौथा, इथे कसं आलं? चारही लिहिल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही आणि घरी तर काहीच न्यायचं नाही. इज्जा भिंग डोळ्याला लावून मांडी घालून बसली. बाकीच्यांना इत्तोने हाकलून आपापल्या चौकोनात पाठवलं, पण माना सगळ्यांच्या इकडेच.

"बाई, तुमचा पाहुणा बघू का? शेजारी ठेवून काढते."

इत्तोने झोळीतून डबा काढला. चॉकलेटचा जुना पत्र्याचा डबा, आत कापूस, कापसात पाहुणा आणि पाचवीतल्या अक्षरातली एक चिठ्ठी. 'तावरीर्तवर मिळाला. इत्तो.' तिने पाहुणा स्वतःच्या हाताने इज्जाच्या वहीशेजारी ठेवला. बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाच्या इतक्या जवळ ठेवत होती.

इज्जा बराच वेळ काढत होती. काटे मोजले, डोळ्यांतले ठिपके मोजले. मग थांबली. एकदा ह्याच्यावर भिंग, एकदा त्याच्यावर. पेन्सिलीचं टोक तोंडात घातलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"इज्जा."

"बाई, हा साफ केलेला आहे."

"कोण?"

"हा, मी काढलेला. डोळ्याभोवती सुईचे ओरखडे आहेत, सगळे एकाच बाजूला कललेले. आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात दगडाचा कण ठेवलाय, हा बघा. आमच्या घरी बाबा पण ठेवतात. सगळं साफ करायचं आणि एक कण ठेवायचा, नजर लागू नये म्हणून. बाकीचे कुणी नाही ठेवत. बाबांना बा सक्कूंनी शिकवलंय ते." मग तिने पेन्सिल पाहुण्याकडे वळवली आणि तिचा आवाज बारीक झाला. "ह्याच्यातही आहे, बाई."

"ए शहाणे!" मीमून मास्तर तोवर बूट पुसत वर आले होते. "बाईंना शिकवतेस? तोंड मिटून चित्र काढ."

"बोलू द्या तिला," इत्तो म्हणाली.

तिने भिंग घेतलं. कारखान्यांत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. डिंक आणि दगडाची पूड लावून खोटे काटे चिकटवणारी ती माणसं, असंच ती म्हणायची. आणि तिचे वडील बकऱ्या राखणारे, तेव्हा घरात सुई कधी आलीच नाही. तो कण तिने बावीस वर्षं रोज पाहिला होता. तिला वाटायचं, राहून गेलाय. तिने नखाने हिरवट दगडाची कड खरवडली. पापुद्रा सुटायला हवा होता. त्याऐवजी नखाखाली पूड आली, आणि पुडीला डिंकाचा चिकटपणा होता.

तिने दोन्ही तुकडे उचलले आणि चुलीकडे गेली. ह्या वेळी धावली नाही.

बा सक्कूने तिला येताना पाहिलं आणि किटली खाली ठेवली.

"हे काय आहे, बा?"

"मास्तरांनी दोऱ्या सरकवल्या," म्हातारा म्हणाला. "दरवर्षी दगडातल्या त्या पांढऱ्या रेघेजवळ तू स्वतःसाठी एक चौकोन राखतेस. तुझ्या हाताला लागावा म्हणून ठेवला होता. ह्या वर्षीच त्यांना अक्कल सुचली, दोन हात इकडे सरकवल्या. आणि गेला कुणाकडे, तर माझ्याच चेल्याच्या पोरीकडे. जगातली एवढी पोरं सोडून!"

"मी दोऱ्यांचं विचारत नाहीये."

"माहितीये गं."

तो बसला. बसताना त्याची छाती वाजली. इत्तो उभीच राहिली.

"खात्याने टेकडी बदलली असं तू सांगितलंस," तो म्हणाला. "म्हटलं, आता ही हात हलवत जाणार. ते राबातचे लोक पुन्हा दात काढणार. तुझ्या पाहुण्याच्या जोडीचा एक होता माझ्याकडे, जुना, कधी विकला नाही. तीन महिने लागले. दिसत नाही आता, बोटाने चाचपत साफ केला. ह्याच उतारावरचा दगड कुटून बसवला. कण ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. पण हाताला सवय, त्याने ठेवला."

"आणि पहिला?"

म्हाताऱ्याने किटलीचं झाकण उगाच नीट बसवलं.

"बा, पहिला?"

"त्या सहलीला तू खाली येईना," तो म्हणाला. "सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं, तुला नाही. ऊन उतरलं, तुमचे मास्तर ओरडून ओरडून दमले, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तू म्हणालीस, मिळाल्याशिवाय मी घरी जाणार नाही. मी वर खाणीच्या खड्ड्यात होतो. माझ्या खिशात तो होता, साफ केलेला, संध्याकाळी दुकानात द्यायचा. तुझी पाठ वळली तेव्हा टाकला. मला वाटलं, घरी जाईल, चार दिवस खेळेल, हरवेल. पोरं हरवतातच की! मला काय ठाऊक तू त्याला घेऊन राबातला जाशील!"

"बावीस वर्षं, बा! लोक माझ्यावर हसले. मी त्यांच्याशी भांडले. अल्लाची शपथ घेऊन भांडले!"

"दरवर्षी म्हणायचो, ह्या वर्षी सांगतो. आणि दरवर्षी तू त्या दोऱ्या घेऊन अशी काही उड्या मारत यायचीस की..." त्याने हात उडवला. "माझं तोंडच उघडायचं नाही. चहा करायचो."

इत्तोला त्याचा भयंकर राग आला. इतका, की तिला तो पांढरा झब्बासुद्धा बघवेना. सगळ्यांत जास्त राग ह्याचा, की राबातच्या सरांनी तपासायला ठेव म्हटलं तेव्हा तिने ठेवला नव्हता. डब्यात झाकून ठेवणारी ती स्वतःच होती. तो राग बिचाऱ्या म्हाताऱ्यावर काढता येत नव्हता.

"शिव्या दे," बा सक्कू म्हणाला. "दोन थोबाडीत दे. फक्त चहाला दुसरा माणूस ठेवू नकोस, पोरी. हा एकच दिवस असतो माझ्याकडे."

ती वळली आणि उतारावर निघून गेली.

इज्जा वही मांडीवर घेऊन तशीच बसली होती. चौथ्या प्रश्नापुढे जागा कोरी होती. डोळे भरलेले.

"बाई, मी चुकले का?"

"काय लिहिणार होतीस चौथ्याला?"

"कुणीतरी ठेवला."

"मग लिही की."

"पण मग तो खरा नाही ना राहणार. मला पण तो खराच हवा होता, बाई."

"प्राणी खरा आहे. जागा खोटी आहे. लिही, बा सक्कूने ठेवला, पलीकडच्या काळ्या डोंगरातला आहे." इत्तो तिच्या शेजारी मातीत बसली. "आज ह्या टेकडीवर सगळ्यात नीट दगड वाचलास तो तू. माझ्यापेक्षाही. मास्तर, ऐकलंत ना?"

मीमून मास्तरांनी ऐकलं नसल्यासारखं करून नाक शिंकरलं.

इत्तोने डब्यातली चिठ्ठी काढली, इज्जाची पेन्सिल मागून घेतली. 'मिळाला' ह्या शब्दावर रेघ मारायला गेली, पण मारली नाही. त्याखाली लिहिलं, 'इथे कसा आला: बा सक्कूने ठेवला. मी घरी जावं म्हणून.' ते लिहिताना तिला हसू आलं आणि हसता हसता हुंदकाही आला. गावात इतकी पोरं, आणि ती घरी जात नाही म्हणून चिंता पडली ती ह्या माणसाला. तिच्या बापाला त्या दिवशी ती परतली की नाही हेसुद्धा कळलं नव्हतं.

चार वाजता सगळी आवराआवर झाली. दोऱ्या गुंडाळल्या, भिंगं मोजली, पोरं कांद्यामसाल्याची भाकरी तोडत बसकडे पळाली. बा सक्कू किटली धुऊन, झोळी खांद्याला लावून एका बाजूला उभा होता. कुणी बोलावल्याशिवाय बसमध्ये चढायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

इत्तो त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खिसे दाखव."

"अं?"

"खिसे, बा. उलटे कर."

म्हाताऱ्याने डावा खिसा उलटा केला. पुदिन्याच्या दोन काड्या आणि साखरेचा खडा. उजव्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"काढ बाहेर."

त्याने मूठ उघडली. एक लहानसा काटेवाला, एक काटा मोडलेला.

"हा कुणाला?"

बा सक्कूने मान वर करून टेकडीकडे पाहिलं. शेवटच्या चौकोनाची दोरीसुद्धा काढून झाली होती, पण हेन्नू तिथून उठली नव्हती. पालथी पडून बोटांनी उकरत होती.

"ती भाकर खायला पण आली नाही," तो म्हणाला. "सकाळपासून पोरीला काही मिळालेलं नाही."

"तू सुधारणार नाहीस."

"नाही वाटत," म्हाताऱ्याने कबूल केलं.

इत्तोने तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि चढण चढू लागली. मीमून मास्तरांनी हॉर्न वाजवायला लावला. एकदा, मग पुन्हा. ती हेन्नूपाशी पोचली, गुडघ्यांवर बसली आणि मूठ उघडली.

"हे बघ. बा सक्कूने तुझ्यासाठी आणलाय. खरा आहे, पण पलीकडच्या डोंगरातला. इथला नाही. हवा तर घे."

हेन्नूने तुकडा नीट बघितला. नाकावर माती, नखं काळी, ओठ सुकलेले. तिने तो परत इत्तोच्या हातावर ठेवला.

"नको, बाई," ती म्हणाली. "मला इथला हवाय. मिळाल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

खाली हॉर्न पुन्हा वाजला. इत्तोने उन्हाकडे पाहिलं. दोन तास तरी उजेड होता. तिने पायातले बूट काढून बाजूला ठेवले, झोळीतून ब्रश काढला आणि हेन्नूच्या शेजारी पालथी पडली. मग मान वळवून खाली ओरडली,

"बा! चूल पेटव परत. दोन चहा टाक, आणि ह्या वेळी साखर विसरू नकोस. आम्हाला वेळ लागणार आहे."